सतरा सप्टेंबरच्या पुढचें पान

राज्यसंस्थेच्या अंगीं बळ किती आहे हें परचक्राच्या वेळीं कळतें. तिच्या अंगीं शहाणपण किती आहे हें कळावयास मात्र दहशतीचा प्रसंग यावा लागतो. स्वारी करणारा शत्रु समोर उभा असतो. त्याचें निशाण निराळें असतें आणि त्याची सीमा ठरलेली असते. दहशत माजविणारा गांवांतच राहतो, गांवचीच भाषा बोलतो, आणि त्याच्या पाठीशीं कोण उभें आहे हें सिद्ध करणें नेहमींच अवघड जातें. अशा प्रसंगीं सरकारनें जें केलें त्यावर आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारची टीका होते. सरकारनें फार उशीर लावला ही एक, आणि सरकारनें फार कठोरपणा केला ही दुसरी. पहिली टीका करणारा दुसरीकडे पाहत नाहीं, आणि दुसरी करणारा पहिली ऐकून घेत नाहीं. एकाच सरकारच्या हातून एकाच प्रकरणांत हे दोन्ही दोष घडूं शकतात, आणि तरीसुद्धां त्या सरकारची मूळ कृति न्याय्य व अवश्य असूं शकते, ही गोष्ट मनांत धरून लिहिलेलीं पुस्तकें फार थोडीं. १९४७-४८ सालचें हैदराबाद संस्थानाचें प्रकरण या दृष्टीनें तपासण्यासारखें आहे. त्या प्रकरणावर जें लेखन झालें त्याचा गुणदोषविचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विचार कुरुंद्यास बसून करण्यांत थोडें औचित्यही आहे. आज हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत मोडणारें हें गांव १९४८ सालीं निजामाच्या मुलखांत, परभणी जिल्ह्यांत होतें. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. पैनगंगा उतरून पलीकडे गेलें कीं वऱ्हाड लागे, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा अंमल लागे. राज्य बदलावयास येथील माणसास एक नदी ओलांडावी लागत असे. आणि त्या तेरा महिन्यांत मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं घरेंदारें टाकून अशी सरहद्द ओलांडलीही. शिवाय, कै. नरहर कुरुंदकर यांचें आडनांव ज्या गांवावरून पडलें तें हेंच कुरुंदा. हैदराबादच्या प्रश्नाकडे केवळ आठवणींचा नव्हे, तर विचाराचा विषय म्हणून ज्यांनीं मराठींत पाहिलें त्यांत कुरुंदकरांचें स्थान पहिल्या ओळींत आहे. त्यांच्याकडे आम्ही पुढें येऊंच.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. हैदराबाद संस्थानाचें क्षेत्रफळ सुमारें ८२ हजार चौरस मैल आणि लोकवस्ती १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें एक कोट साठ लाखांवर होती. सोळा जिल्ह्यांपैकीं आठ तेलुगु, पांच मराठी व तीन कानडी. प्रजेपैकीं फार मोठा भाग हिंदूंचा, राजा मुसलमान, आणि कारभाराची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू. इंग्रज जाणार हें ठरतांच निजाम मीर उस्मान अली खान यांनीं जून १९४७ मध्यें आपण दोहोंपैकीं कोणत्याही राष्ट्रांत सामील होणार नाहीं असें जाहीर केलें. ७ ऑगस्ट रोजीं स्टेट काँग्रेसनें हिंदी संघराज्यांत सामील व्हा अशी मागणी करून लढा आरंभिला आणि तिचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ लवकरच तुरुंगांत गेले. दुसऱ्या बाजूस मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था होती. तिचें अध्यक्षपद लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे १९४६ पासून आलें होतें, आणि रझाकार हें सशस्त्र दल तिच्या आश्रयानें वाढलें होतें. रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक एवढाच. एका साध्या, सात्त्विक शब्दाचा लोकांच्या तोंडीं असा विपर्यास होण्यास त्या दलानें जें केलें असलें पाहिजे, त्याची कल्पना या एका गोष्टीवरूनही येईल.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजीं निजामाचें शिष्टमंडळ दिल्लीस निघणार होतें. त्या दिवशीं पहांटे मजलिसच्या जमावानें शिष्टमंडळांतील मंडळींच्या घरांस वेढा देऊन त्यांचें जाणें थांबविलें. पुढें नवें शिष्टमंडळ व नवें मंत्रिमंडळ आलें. २९ नोव्हेंबर रोजीं एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. मीर लायक अली पंतप्रधान झाले. करार झाला, पण खेड्यापाड्यांतील उपद्रव थांबला नाहीं. उलट १९४८ च्या उन्हाळ्यापासून तो वाढत गेला. बिदर जिल्ह्यांतील गोरटा येथें मे महिन्यांत मोठी कत्तल झाली. ऑगस्टमध्यें 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांचा भर रस्त्यांत खून करण्यांत आला. त्यांचा अपराध एवढाच कीं मुसलमान असूनही ते रझाकारांच्या विरुद्ध व सामिलीकरणाच्या बाजूनें लिहीत होते. दहशत ही ज्यांच्या नांवानें उभी राहते त्यांतील विवेकी माणसाचा बळी घेतल्याशिवाय राहत नाहीं, हें वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावें. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा चारी दिशांनीं आंत शिरल्या. मुख्य तुकडी सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेनें निघाली. १७ तारखेस सायंकाळीं निजामानें नभोवाणीवरून शरणागति जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचे सेनापति एल इद्रूस यांनीं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढें शस्त्रें ठेविलीं.

या प्रकरणावरील ग्रंथांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग दिल्लीच्या बाजूचा. हिंदुस्थान सरकारनें हैदराबादविषयींची श्वेतपत्रिका १९४८ सालींच काढली. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील इंग्रजी ग्रंथ १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. जानेवारी १९४८ पासून हैदराबादेंत सरकारचे एजंट-जनरल म्हणून राहिलेले कन्हैयालाल मुनशी यांनीं 'दि एंड ऑफ अॅन ईरा' या नांवाखालीं आपल्या आठवणी १९५७ सालीं छापल्या. मेनन यांचा ग्रंथ सर्वांत भारदस्त. मसुदा कोणी केला, कोणतें कलम कोणीं गाळलें, कोणत्या बैठकींत काय नाकारलें गेलें, हें ते ज्या निर्विकारपणें सांगतात तो उत्तम राजसेवकाचा गुण आहे. सरकारनें तेरा महिने वाट कां पाहिली याचीं कारणें त्यांच्या लेखनावरून नीट समजतात. काश्मीरांत ऑक्टोबर १९४७ पासून लढाई चालू होती. पंजाबांतून निर्वासितांचे लोंढे येत होते. फाळणीमुळें सैन्याचीच वांटणी झालेली. सरसेनापति अजून इंग्रज. आणि हैदराबादेंत शस्त्र उपसलें तर त्याचे पडसाद उत्तरेंत उमटतील ही भीति खोटी म्हणतां येत नव्हती. माउंटबॅटन यांनीं तर जून १९४८ मध्यें देश सोडण्यापूर्वीं तडजोडीची पराकाष्ठा केली, आणि ती निजामाच्या बाजूनेंच फेटाळली गेली. तेव्हां सरकारचा तो संयम भित्रेपणाचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु याच ग्रंथांचा दोषही येथेंच आहे. त्यांतील काळ बैठकींनीं मोजलेला असतो. नोव्हेंबरांतील वाटाघाटी, मार्चमधील खलिते, जूनमधील मसुदा, असा तो सरकतो. खेड्यांतील माणसाचा काळ असा सरकत नाहीं. पेरणी करावी कीं घर सोडावें, सुगी घरांत येईल कीं ठाण्यांत जाईल, रात्रीं वाड्याचें दार ठोठावलें तर उघडावें कीं नाहीं, अशा प्रश्नांनीं त्याचा काळ मोजला जातो. दिल्लीच्या संयमाची किंमत दिल्लीनें दिली नाहीं. ती सरहद्दीवरच्या गांवांनीं दिली. संयम योग्य होता असें मानलें तरी ती किंमत कोणी दिली हें सांगणें इतिहासकाराचें कर्तव्य उरतेंच. श्वेतपत्रिकेंत गांवें येतात तीं पुराव्यादाखल येतात. जाळपोळ व लूट यांच्या यादींत एखाद्या ओळीपुरतीं येतात आणि युक्तिवाद पुरा होतांच नाहींशीं होतात. मुनशी मूळचे कादंबरीकार. माणसें जिवंत करण्याची हातोटी त्यांस साधली होती आणि ते बोलारमला राहून सर्व जवळून पाहत होते. पण त्यांच्या रंगभूमीवर प्रकाश बहुतेक एकाच पात्रावर पडतो, आणि तें पात्र कोणतें हें चाणाक्ष वाचकांस सांगणें नलगे.

दुसरा वर्ग पराभूत पक्षाचा. मीर लायक अली हे स्थानबद्धतेंतून निसटून १९५० सालीं पाकिस्तानांत गेले आणि १९६२ सालीं त्यांनीं 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथ आपल्याकडे कोणी फारसा वाचीत नाहीं. तो वाचला पाहिजे असें आमचें मत आहे. आर्थिक कोंडी झाली, सरहद्दीपलीकडून छापे आले, संयुक्त राष्ट्रांपुढें दाद मागितली असतां निकाल लागण्यापूर्वींच फौजा शिरल्या, अशी त्यांची तक्रार आहे. तिच्यांतील घटना खोट्या नाहींत. कोंडी झाली होती. उमरखेडसारख्या ठिकाणीं स्टेट काँग्रेसचीं सरहद्दीवरील केंद्रें होतीं, त्यांतील तरुण सशस्त्र होते, आणि ३० जानेवारी १९४८ रोजीं नांदेड जिल्ह्यांतील उमरीची बँक त्यांनींच लुटली. सुरक्षा समितीपुढें हैदराबादचें प्रकरण १६ सप्टेंबर रोजीं निघालें, म्हणजे फौजा शिरल्यानंतर तिसऱ्या दिवशीं, हेंही खरें. पण या सर्व तक्रारींत एक जागा रिकामी आहे. स्वतःच्या राज्यांतील बहुसंख्य प्रजेस काय हवें होतें, हा प्रश्न त्यांस पडत नाहीं. आणि रझाकारांविषयीं ते अशा रीतीनें लिहितात कीं जणूं सरहद्दीवरचे छापे हें कारण आणि रझाकार हें केवळ कार्य. शोएबउल्ला खानाचा खून कोणत्या सरहद्दीवर झाला? तो राजधानींतच झाला. या एका घटनेपुढें लायक अलींची सारी कारणमीमांसा टिकत नाहीं.

तिसरा वर्ग आपला, म्हणजे चळवळींतील माणसांचा व मराठवाड्यांतील लेखकांचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ सालीं प्रसिद्ध झाल्या. निजामाच्या मुलकी सेवेंत असलेले सेतुमाधवराव पगडी यांचें 'जीवनसेतु' हें आत्मचरित्र कारभाराच्या आंतून दिसलेलें चित्र देतें. स्वतः लढ्यांत उतरलेले संपादक अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ तर या विषयावर मराठींत अवश्य वाचावा असा आहे. दिल्लीच्या ग्रंथांत जें नाहीं तें या पुस्तकांत आहे. येथें गांवांस नांवें आहेत, माणसांस चेहरे आहेत, आणि स्वातंत्र्य ही वरून आलेली देणगी नसून तिच्यासाठीं प्रजेनें आधीं स्वतः झीज सोसली होती हें येथें उघड होतें. फौजांचे पांच दिवस सर्वांस पाठ असतात; त्यांच्या पूर्वीची प्रजेची दहा वर्षें या लेखकांनीं राखून ठेविलीं, हे त्यांचे उपकार आहेत.

कुरुंदकर या वर्गांत असून थोडे निराळे पडतात. १९४८ सालीं त्यांचें वय सोळा वर्षांचें होतें. ज्या वयांत मनावर उमटलेले ठसे जन्मभर जात नाहींत त्या वयांत त्यांनीं हा काळ पाहिला. असें असूनही 'हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन' या पुस्तकांत ते आठवणी सांगत बसत नाहींत, ते प्रश्न विचारतात. त्यांपैकीं एका प्रश्नाचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. निजाम हा रझवीच्या मुठींत सांपडलेला दुबळा म्हातारा होता काय? शरणागतीच्या वेळेपासून हेंच चित्र लोकांपुढें मांडलें गेलें, आणि खुद्द निजामास तें सोयीचें होतें. कुरुंदकरांचा रोख याच्या उलट आहे. राजा धूर्त होता, स्वतंत्र राज्याची आकांक्षा जुनी व त्याची स्वतःची होती, आणि रझवी हें त्या आकांक्षेचें हत्यार होतें, असें त्यांच्या विवेचनाचें तात्पर्य आम्ही समजतों.

हा केवळ हैदराबादेपुरता प्रश्न नाहीं. दहशतीशीं ज्या ज्या सरकारास झगडावें लागतें त्या त्या सरकारापुढें तो येतोच. बंदूक धरणारा हात दिसतो. त्या हातास बळ देणारें मस्तक दिसत नाहीं. हात तोडावा कीं मस्तकास जाब विचारावा? १९४८ सालीं सरकारनें याचें उत्तर दोन प्रकारें दिलें. फौज पाठविली ती रझाकारांच्या टोळ्यांवर नव्हे, तर संस्थानच्या सत्तेवर. म्हणजे मस्तक कोठें आहे हें सरकारनें ओळखलें होतें. पण जय मिळाल्यावर रझवी तुरुंगांत गेला तो १९५७ पर्यंत तेथेंच राहिला, आणि निजाम १९५० पासून राज्य पुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, राजप्रमुखाच्या आसनावर राहिला. राजनीति म्हणून याचें समर्थन करतां येईल. राजास गादीवर ठेविल्यानें संक्रमण सुकर झालें व मोठ्या समाजास आधार वाटला, असें म्हणतां येईल. परंतु सरकारनें सोयीसाठीं जें चित्र मान्य केलें तें इतिहासकारानेंही मान्य केलें पाहिजे असें थोडेंच आहे? कुरुंदकरांनीं तें मान्य केलें नाहीं, आणि या ठिकाणीं टीकाकारानें कसें वागावें याचा धडा त्यांनीं घालून दिला. रझवीवर उघड्या न्यायालयांत खटला चालला, त्यास बचावाची संधि मिळाली, ही त्या वेळच्या सरकारास भूषणावह गोष्ट होय; तिचा उल्लेखही आपले लेखक करीत नाहींत याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां आम्ही आमच्या मुख्य मुद्याकडे वळतों. या सर्व प्रकरणास सरकारनें नांव दिलें तें 'पोलिस कारवाई' हें. सैन्याच्या दप्तरीं तिचें नांव 'ऑपरेशन पोलो' असें होतें. रणगाडे होते, विमानें होतीं. पण जगापुढें ती पोलिस कारवाई. या शब्दाचें कारण उघड आहे. हैदराबाद हें परराष्ट्र नव्हे, हा आमच्या घरांतील बंदोबस्ताचा प्रश्न आहे, त्यांत संयुक्त राष्ट्रांस बोलण्याचा अधिकार नाहीं, ही भूमिका त्या दोन शब्दांत सांठविलेली होती. आणि ती भूमिका आम्हांस न्याय्य वाटते. परंतु शब्द हे दुधारी असतात. युद्ध म्हटलें म्हणजे युद्धानंतर मृतांची गणना करावी लागते. पोलिसांची कारवाई म्हटली कीं गुन्हेगार पकडले गेले आणि काम संपलें असा भास होतो. परक्या राष्ट्रांचें तोंड बंद करण्यासाठीं योजलेल्या शब्दानें आपल्याही लोकांची दृष्टि बांधली गेली. १७ सप्टेंबर रोजीं काम संपलें असें आपण मानलें, आणि आपल्या पुस्तकांचीं शेवटचीं प्रकरणें बहुतेक याच तारखेवर येऊन थांबलीं.

काम संपलें नव्हतें. फौजा पुढें गेल्यावर, आणि जुनी सत्ता मोडून नवी नीट बसण्यापूर्वीं, कित्येक जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर सूड उगविला गेला. त्याच्या वार्ता दिल्लीस पोंचल्या तेव्हां पंडित नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचें एक मंडळ संस्थानांत गेलें. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या अवधींत त्यांनीं सोळांपैकीं नऊ जिल्हे हिंडून पाहिले. कारवाईच्या काळांत व तिच्या नंतर मिळून सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसें मेलीं असावींत असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक संहार झाला असें त्यांनीं लिहिलें. यांतील दोन जिल्हे मराठी आहेत, आणि नांदेड तर कुरुंद्याच्या शेजारचा. हिंदी सैन्याच्या एकंदर शिस्तीविषयीं त्यांनीं चांगलें मत दिलें आहे. परंतु कित्येक ठिकाणीं सैन्यांतील व पोलिसांतील माणसें लुटींत व त्याहून वाईट कृत्यांत सामील झालीं, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. रझाकारांनीं पूर्वीं केलेल्या जुलमाचा उल्लेखही त्यांच्या लेखांत आहे. आणि जी गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली ती अशी. पुष्कळ ठिकाणीं हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस जीव धोक्यांत घालून वांचविलें. कांहीं गांवीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांच्या रक्षणार्थ उभें राहून स्वतः प्राण दिले, अशीही त्या मंडळानें नोंद केली आहे.

हा अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. त्यांतील भाग अभ्यासकांच्या पुस्तकांतून मधूनमधून बाहेर आले. पण दिल्लीच्या नेहरू संग्रहालयांत तो कोणासही पाहतां येऊं लागला तो २०१३ सालच्या सुमारास, म्हणजे तब्बल पासष्ट वर्षांनीं. सत्तावीस कीं चाळीस हजार, हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. त्यावर आक्षेप घेतले गेले आहेत व घेतां येतील. पण मोजणी करण्याचें साधन सरकारच्या हातीं होतें, तीन माणसांच्या मंडळाच्या हातीं नव्हतें. सरकारनें मोजणीही केली नाहीं आणि अंदाजही झांकून ठेविला. याचा परिणाम काय झाला? आकडा अफवेच्या हातीं गेला. एका बाजूस तो लाखांत वाढला, दुसऱ्या बाजूस तो शून्य झाला. आणि शेजारीं राहणाऱ्या दोन समाजांनीं एकाच महिन्याच्या दोन निराळ्या आठवणी जतन केल्या. एका घरीं सप्टेंबर म्हणजे मुक्ति, दुसऱ्या घरीं सप्टेंबर म्हणजे आकांत. हिंदु विणकरांची गोष्ट जर १९४९ सालीं मराठवाड्यांतील शाळांतून सांगितली गेली असती, तर या दोन आठवणींच्या मध्यें कदाचित् एक पूल उभा राहिला असता. अहवाल दडपतांना सरकारनें केवळ लाज दडविली नाहीं. अभिमान धरण्याजोगें जें थोडें होतें तेंही तिच्याबरोबर दडविलें.

आमच्या लेखकांचें या बाबतींतील मौन कशामुळें आहे हें आम्ही जाणतों. नंतरच्या सूडाची गोष्ट सांगितली तर रझाकारांचा जुलूम हलका ठरेल, लढ्याचें तेज कमी होईल आणि विरोधकांच्या हातीं कोलीत मिळेल, अशी ती भीति आहे. ही भीति क्षुद्र नाहीं. पण ती चुकीच्या हिशेबावर उभी आहे. रझाकारांचा जुलूम आणि नंतरचा सूड या एकाच खात्याच्या जमेच्या व खर्चाच्या बाजू नव्हेत कीं एकींतून दुसरी वजा करावी. तीं दोन स्वतंत्र खातीं आहेत. गोरट्याच्या मृतांस उस्मानाबादच्या मृतांनीं न्याय मिळत नाहीं, आणि उस्मानाबादच्या मृतांमुळें गोरटा पुसलें जात नाहीं. ज्या विणकरानें, जंगमानें किंवा मोलमजूर मुसलमानानें रझाकाराचा गणवेश कधीं अंगावर घातला नव्हता, त्याच्या मृत्यूचें कारण रझवीच्या भाषणांत शोधणें हा तर्क नव्हे. ती पळवाट होय. उलट पक्षीं, अलीकडे जे केवळ हा अहवाल हातीं घेऊन सबंध कारवाईच अन्याय्य होती असें ठरवूं पाहतात, त्यांनाही आमचें हेंच सांगणें आहे. फौजा न जात्या तर गोरटे वाढलीं असतीं. कृति अवश्य होती. कृतीनंतरची जबाबदारी पार पाडली गेली नाहीं. हीं दोन्ही वाक्यें एका दमांत उच्चारण्याचें धैर्य ज्या लेखनांत नाहीं तें एका पक्षाचें वकीलपत्र होय, इतिहास नव्हे.

कोणी म्हणेल कीं ही जुन्या काळची संवय; आतां काळ बदलला. कांहींसा बदलला आहे हें आम्हांस मान्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर समुद्रमार्गें आलेल्या दहा दहशतवाद्यांनीं जो हल्ला केला, त्यांत १६६ माणसें मेलीं. त्या महिन्याभरांतच केंद्रांत राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. महाराष्ट्र शासनानें माजी गृहसचिव राम प्रधान यांची समिति नेमली. जिवंत पकडलेल्या एका आरोपीवर उघड्या न्यायालयांत खटला चालला. प्रधान समितीनें एप्रिल २००९ मध्यें आपला अहवाल दिला. परंतु येथेंही शासनानें प्रथम विधिमंडळापुढें ठेविला तो केवळ त्यावरील कार्यवाहीचा तपशील. मूळ अहवाल त्या वर्षाच्या अखेरीस आला. पासष्ट वर्षांचें अंतर आठ-नऊ महिन्यांवर आलें, ही प्रगति खरी. पण पहिली प्रवृत्ति झांकण्याचीच राहिली. सुरक्षिततेसाठीं कांहीं गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात हें कोणीही शहाणा मनुष्य कबूल करील. मात्र शत्रूपासून लपविण्याची गोष्ट कोणती आणि आपल्याच नागरिकांपासून लपविण्याची कोणती, यांतील भेद सरकारास नेहमीं दाखवून द्यावा लागतो. आणि तो दाखवून देणें हें लेखकवर्गाचें काम आहे.

म्हणून आमची मागणी सरकारपेक्षां मराठी लेखकांकडे अधिक आहे. हैदराबादच्या लढ्यावरील नव्या ग्रंथांची वाण नाहीं. दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होतें, गौरवग्रंथ निघतात, भाषणें होतात. तीं व्हावींत, ज्यांनीं मार खाल्ला, ज्यांचीं घरें जळालीं, त्यांच्या मुलाबाळांचा तो अधिकार आहे. परंतु ग्रंथाचें पहिलें पान जून १९४७ च्या पूर्वीं उघडलें पाहिजे आणि शेवटचें पान १७ सप्टेंबरच्या पुढें गेलें पाहिजे. वसमत, कळमनुरी, हिंगोली, औंढा या भागांतील गांवोगांव कोण घर सोडून वऱ्हाडांत गेलें, कोण परतलें, कोणाची जमीन कोणाच्या नांवावर चढली, कोणी कोणास लपवून ठेविलें, हें महसुलाच्या दप्तरांतून व घरोघरच्या सांगण्यांतून अजूनही पुष्कळसें जमवितां येईल. तें पाहिलेलीं माणसें आतां नव्वदीच्या घरांत आहेत. आणखी दहा वर्षांनीं हें काम कोणासच करतां येणार नाहीं. महाविद्यालयांतून दरवर्षीं प्रबंधांस विषय सुचत नाहींत अशी ओरड आम्ही ऐकतों. त्यांनीं एकेक तालुका वांटून घ्यावा.

कुरुंदकरांनीं राजाच्या सोयीचें चित्र नाकारलें. त्यांच्यामागून येणाऱ्यांनीं आपल्या स्वतःच्या सोयीचें चित्र नाकारावें, इतकेंच उरलें आहे. दहशतीवर मिळविलेल्या विजयाची परीक्षा शस्त्रें खालीं ठेविलीं गेलीं त्या दिवशीं पुरी होत नाहीं. जिंकलेल्या मुलखांतील सर्वांत दुबळा मनुष्य त्या रात्रीं आपलें दार न लावतां झोंपूं शकला कीं नाहीं, यावर ती ठरते. १९४८ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांतील कोट्यवधि नव्हे तरी लक्षावधि माणसें अनेक महिन्यांनीं प्रथमच निर्धास्त झोंपलीं, हें सत्य आहे; आणि त्याच रात्रीं कांहीं हजारांस झोंप आली नाहीं, हेंही सत्य आहे. पहिलें सत्य आपण सांगितलें, तें आणखीही सांगावें. पण दुसरें सांगितल्यावांचून पहिल्यास पुरतें वजन येणार नाहीं.